देवीदासकाकांचा फ्रेंच मसुदा

कोणावर काही लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या वडनेरच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि अर्ज सोडून दुसरं काही लिहायला बसलो की अजून हात अवघडतो. त्यातून ज्यांच्यावर लिहितोय, त्यांनी माझे अर्जसुद्धा लाल शाईनं दुरुस्त करून दिलेत. तेव्हा चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नांदुऱ्यात मी देवीदासकाकांकडे भाड्यानं राहतो. ते एका सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक बघायचे, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवायचे. आता कचेरी सुटली, काकूही नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात काका रस्त्यात कोणालाही अडवू लागले आणि एकच विचारू लागले, "तुमच्या कामात 'रन' म्हंजे काय हो?"

बसस्टँडवर त्यांनी एका ड्रायव्हरला हे विचारलं.

"काका," तो म्हणाला, "हे गाडी रन होतच नाही. चार जण मांगून ढकलतात, मंग निंगते."

काकांनी खिशातली वही काढून लिहिलं : 'रन – ढकलणे. पडताळणी बाकी.'

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. काकांचा एकुलता मुलगा संदीप फ्रान्समध्ये एका यंत्रांच्या कारखान्यात आहे. लग्न तिकडेच केलं. दर रविवारी फोन येतो, "सगळं ठीक आहे, बाबा," आणि दोन मिनिटांत बंद. काकांचा त्यावर विश्वास नाही. "ज्या कागदात कायीच तक्रार नसते ना, ग्रॅज्युएट, त्यातच घोळ असते," ते मला सांगतात. मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे, पण ते मला ग्रॅज्युएटच म्हणतात.

म्हणून त्यांनी ठरवलं, सूनबाईलाच थेट पत्र लिहायचं, तिच्या भाषेत, म्हणजे ते तिला संदीपकडून वाचून घ्यावं लागणार नाही. विचारायचं एवढंच होतं : घर नीट चाललंय ना?

मराठीतून फ्रेंचचा शब्दकोश मिळेना. रद्दीच्या दुकानात इंग्रजीतून फ्रेंचचा एक मिळाला. तेव्हा 'चालणे'चं आधी इंग्रजी केलं, 'रन'. आणि तिथे गाडी फसली. त्या एवढ्याशा शब्दाखाली दीड पान भरून फ्रेंच शब्द होते. माणूस धावला तर कुरीर. नळ वाहिला, नाक वाहिलं तर कुले. यंत्राला वेगळा, दुकान चालवायला वेगळा. घराचा कुठेच पत्ता नव्हता.

काकांनी त्यातल्या सात मुख्य अर्थांची एकेक चिठ्ठी केली आणि ओसरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावली. मग येरझाऱ्या. एक चिठ्ठी काढायची, अंगणाच्या दारापर्यंत जायचं, मान हलवायची, परत येऊन लावायची. माझा अभ्यास त्यांच्या चपलांच्या आवाजात व्हायचा. चपला थांबल्या की मलाच चैन पडेना.

मी भीत भीत म्हटलं, "काका, मोबाईल एका सेकंदात सांगेल."

"सांगते ना. एकच सांगते. बाकीचे कुठं गेले ते सांगते का? हे म्हंजे सायबानं फाईल न वाचता सही ठोकल्यासारखं झालं बे."

तरी त्यांनी मोबाईलचा शब्द शब्दकोशात ताडून पाहिला. तो पायांनी धावण्याचा निघाला. "म्हंजे मी सूनबाईले विचारू, का तुमचं घर रस्त्यानं पळून राह्यलं काय?"

समोरचे किराणावाले अंबादासभाऊ रोज ही मजा बघत. एकदा त्यांनी टोमणा मारला, "काऊन काका, फ्रान्सात निवडणुकीले उभे राहता काय?"

काका गर्रकन वळले. "हाव! इंग्रजीत तो बी 'रन'च हाय!" आणि आणखी एक चिठ्ठी दोरीवर चढली.

एका सकाळी मात्र ते येरझाऱ्या घालता घालता माझ्या दाराशी थांबले. हातात चिठ्ठी नव्हती.

"संदीप निंगाला तवा स्टेशनवर मीच म्हटलं होतं त्याले, रिकाम्या हातानं वापस येऊ नको म्हणून. गमतीनं म्हटलं होतं. त्याले गंमत वाटली का नाही, त्याची माह्यापाशी नोंद नाही."

मी त्यांना पाणी दिलं.

त्याच दुपारी मसुदा क्रमांक सतरा तयार झाला. काकांनी निवड करणंच सोडून दिलं होतं. 'घर' लिहून त्यापुढे आठही फ्रेंच शब्द एकाखाली एक मांडले, आणि तळाशी टीप : 'लागू नसलेले खोडावे.' या टिपेचं फ्रेंच करण्यापुरती त्यांनी मला मोबाईलची परवानगी दिली. "सरकारी वाक्य हाय. त्याचा एकच अर्थ होते."

पत्र टाकून आलो. दोरी रिकामी झाली, पण येरझाऱ्या थांबल्या नाहीत. पोस्टमन गल्लीत शिरला की काका दारात उभे आणि तो पुढे गेला की अंबादासभाऊंवर विनाकारण चिडलेले.

दिवाळीला महिना असताना सूनबाईचं पाकीट आलं. आवक नंबर टाकल्याशिवाय काका लग्नपत्रिकासुद्धा वाचत नाहीत. त्या दिवशी नंबर राहिला.

आत त्यांचाच कागद होता. पट्टी लावून, निळ्या शाईनं आठही शब्द खोडलेले. खाली चार ओळी होत्या, लहान मुलाला कळावं अशा सोप्या फ्रेंचमध्ये, सुटंसुटं अक्षर. मी शब्दकोश आणायला उठलो. काकांनी हातानंच मला बसवलं आणि ओळीवर बोट ठेवून, अडखळत, स्वतःच वाचलं.

"संदीपचं काम सुटून वर्ष झालं म्हणते," ते म्हणाले. बोट खालच्या ओळीवर गेलं. "तुमच्याकडं यायले तो भेते म्हणते. पण दिवाळीले मी त्याले घेऊन येऊन राह्यली."