बुटक्याला बिनमिठाचा भात

अख्ख्या सिकिहोर बेटावर माझ्याइतका शूर महाकाय झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो! उंची ताडाएवढी, खांद्यावर ओंडका, एका शिंकेत तीन ड्रॅगन विझवणारा! कॉम्प्युटरवरच्या खेळात, अर्थात. कॉम्प्युटर बंद केला की मी युलोहियो. बोटीच्या इंजिनाला तेल घालता घालता म्हातारा झालेला, एक गुडघा कामातून गेलेला आणि दोन्ही कान अर्धवट.

त्या खेळात शिरताना आपला वंश निवडावा लागतो. महाकाय आहेत, लांबकाने आहेत, पंखवाले आहेत, आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात अंग चोरून उभे असतात बुटके. गुडघ्याएवढा जीव, वांग्याएवढं नाक आणि हातात तलवारीच्या जागी पळी! लढाई पेटली की हे महाशय चूल पेटवतात! भात शिजवतात आणि जखमींना वाढत फिरतात. बोट बुडाली तरी चालेल, पण बुटका म्हणून खेळणार नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती.

आणि नेमका आमच्या तुकडीत एक बुटका आला. नाव काय, तर पातेलं! बोलायचा कधीच नाही, नुसता लिहायचा. मी ओंडका उगारावा, तर हा पायात येऊन लिहिणार, "आजोबा, गरम आहे तोवर दोन घास खाऊन घ्या."

माझं डोकं फिरायचं. कान अर्धवट, वर नारळाच्या करवंट्यांएवढे बिनतारी हेडफोन. आपला आवाज कुठवर चढलाय हे आपल्याला कसं कळणार?

"अरे वांगेनाक्या! भातखाऊ किड्या! पुन्हा मधे आलास तर तुझं वारूळ खणून त्यात उकळतं पाणी ओतीन!"

आता आमच्या खिडकीबाहेर आहे फणस. फणसाखाली आहे वारूळ. आणि वारुळात कोण राहतं? डोळ्यांना न दिसणारी बुटकी मंडळी! नाव घ्यायचं नसतं! 'आपल्यासारखे नसलेले' एवढंच म्हणायचं, आणि तिथून जाताना "जरा वाट द्या हं" म्हणून पुढे व्हायचं.

त्यात मी बायकोला, कोन्सिंगला, थाप मारून ठेवलेली, की हेडफोन लावून मी प्रार्थनामंडळात बसतो. येत्या जत्रेत चर्चमधल्या मूर्तीपुढे प्रार्थना म्हणायचा मान मला मिळाला होता. कोन्सिंगने त्यासाठी माझा अननसाच्या धाग्याचा सदरा शिवायला टाकला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती बाजारात 'आमचे हे' म्हणून मान वर करून बोलायला लागली होती हो!

आणि एका सकाळी माझा पाय भोपळ्यासारखा सुजला.

आदल्या दिवशी एका बारशाला मी खारवलेल्या मासळीची अख्खी वाटी पुसून खाल्ली होती. पण तिकडे कोण बघतो? शेजारचा तिबुर्सिओ कुंपणावरून ओरडला, "वहिनी, काल हे वारुळाला काय काय बोलले, मी या कानांनी ऐकलं! माझी कोंबडी अंड्यावरून उठली ती बसायलाच तयार नाही!"

"अगं बाई! मीही ऐकलं," कोन्सिंगने कपाळावर हात मारला. "मला वाटलं प्रार्थनेतच आहे तसं काहीतरी!"

दुपारी वैदूबाई आल्या. सातुर्निनाबाई. मी तेव्हा 'प्रार्थनेत' होतो. घाईघाईने हेडफोन गळ्यात ओढले, वर टॉवेल टाकला. बाईंनी पाण्याच्या पेल्यात काळा दगड टाकला, बांबूची नळी लावली आणि माझ्या पायावरून पेला फिरवत फुंकायला सुरुवात केली. पाणी गढूळ झालं.

"कुणाला शिव्या दिल्यास?"

"मी? छे हो! मी देवाच्या नामात..."

"पाणी खोटं बोलतंय?"

बाईंनी निकाल दिला, "पांढरी कोंबडी, बिनमिठाचा भात. मीठ त्यांना चालत नाही. वारुळापुढे बसायचं आणि दिलेली एकेक शिवी मोठ्याने परत घ्यायची."

खरं सांगावं, तर मान गेला, सदरा गेला, 'आमचे हे' गेलं! मी तसाच निमूटपणे वारुळाकडे लंगडत निघालो.

अंगणात आळी जमली. लोक प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आले! एकाने तर तळलेली केळीही आणली. मी गुडघे टेकले.

"हे छोट्या महाराजा! तुला वांगेनाक्या म्हणालो, परत घेतो. नाक तुला शोभून दिसतं."

"मोठ्याने!" तिबुर्सिओ म्हणाला.

"किडा म्हणालो, परत घेतो! आणि तुझ्या भाताला नावं ठेवली..."

इथे मात्र माझी जीभ अडखळली. का कोण जाणे, मला गुहेतली ती लढाई आठवली. सगळे पंखवाले, लांबकाने शेपूट घालून पळाले होते. मी उताणा पडलेला, आणि माझ्या छातीवर उभा राहून तोंडात भात कोंबत होता एक गुडघ्याएवढा जीव. वर मी त्याला म्हणालो होतो, 'भात कच्चा आहे!'

"तुझ्या भातावरच मी उभा आहे रे," माझा आवाज फाटला. "मीच मेला कृतघ्न!"

तेवढ्यात वारुळाच्या दिशेने बारीक, थरथरता आवाज आला:

"आजोबा, रडू नका हो! केलं माफ!"

आणि मग पळता भुई थोडी! फाटक सताड उघडं असताना तिबुर्सिओ कुंपणावरून गेला! सातुर्निनाबाई पेला, नळी, दगड तिथेच टाकून धावल्या. "उभ्या जन्मात मला कुणी उत्तर दिलं नव्हतं गं!" असं ओरडत त्या कोपऱ्यावर दिसेनाशा झाल्या.

हलली नाही ती कोन्सिंग. तिने दोन बोटांनी माझ्या गळ्यातला टॉवेल उचलला. खाली हेडफोन. माइक चालू आणि आवाज माझ्या कानांच्या मापाने, पूर्ण चढवलेला.

"कोण गं तू?" तिने माझ्या छातीला विचारलं.

"एपिफानिया. कामिगिन बेटावर बेकरी आहे माझी. खेळात मी पातेलं! आज खेळ सोडणारच होते, फार लागलं होतं मनाला. पण आजोबा सगळ्यांसमोर असं बोलले... तुम्ही आजी का? फार छान लढतात हो!"

"रोज लढतात?"

"रोज! जेवणाची शुद्ध नसते त्यांना!"

कोन्सिंगने भात उचलला, आत गेली आणि दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये सांगून आली, "यांच्या तब्येतीला प्रार्थना झेपणार नाही." सदरा तिच्या भावाला बरोब्बर बसला. आळीला वाटलं, मी विनयाने मान सोडला. अजून लोक येतात, "तुमच्या त्या ओळखीच्यांना सांगा ना, आमची म्हैस दूध देत नाही." मी मान खाली घालून "सांगतो" म्हणतो. काय करणार?

डॉक्टरांनी पाय बघून माझं मीठ तोडलंय. वारुळातल्यांचं जेवण आता माझ्या पानात.

खेळात मी बुटका झालोय. पहिले दोन दिवस लाजेने मान वर झाली नाही. झाली असती तरी काय दिसणार होतं? त्या उंचीवरून जगात नुसत्या टाचाच दिसतात! पण तिसऱ्या दिवशी एपिफानियाने भात मऊ कसा करायचा ते शिकवलं. कुणी जखमी माझ्या हातचे दोन घास खाऊन उठून उभा राहिला की, खोटं कशाला सांगू, बरं वाटतं.

महाकाय कोन्सिंगने घेतलाय. शेजारच्याच खुर्चीत बसते.

"ए वांगेनाक्या! पायात येऊ नकोस!" ती ओरडते, पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशी!

"गरम आहे तोवर दोन घास खाऊन घ्या," मी लिहितो, आणि हळूच उठून खिडकी लावून घेतो.