लग्नातला कोट आणि पणाला लागलेली मिशी

"लग्नाच्या वाढदिवसाला लग्नातलाच कोट घालून दाखवीन, नाहीतर मिशी उतरवीन!"

भर जेवणावर मी जाहीर करून टाकलं. माझ्यासारखा निश्चयी माणूस असं बोलल्यावर समोरच्याने टाळ्या वाजवायला हव्यात की नाही? पण समोर होता मेहुणा! कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतो आणि घरी आला तरी त्याचा तास संपत नाही.

"दाजी, माणूस नुसता पडून राहिला तरी हृदय, मेंदू, यकृत राबतच असतात. शरीराची बरीचशी ऊर्जा तिथेच खर्च होते. व्यायामाचा वाटा त्या मानाने थोडा. वर व्यायाम केला की भूक खवळते. जाळलेलं परत पोटात!"

"ते तुझ्या शरीराचं! माझ्या शरीराला शिस्त आहे!"

आमची आई थोरल्या भावाकडे राहायला गेल्यापासून बायको सदा हसतमुख असते. पण त्या क्षणी तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, पैज लावायचीच तर दुसऱ्या कशाची लावा. मिशी कशाला?"

काय हे प्रेम! मला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पळायला सुरुवात. परत आलो की अशी भूक लागायची की बिस्किटांचा डबा खडखडीत करूनच थांबायचो. मग दमल्यामुळे ऑफिसात जिन्याऐवजी लिफ्ट आणि घरी आल्यावर सोफा. एवढं पळल्यावर माणसाने विश्रांती घ्यायची नाही?

दर रविवारी कोट घालून बघायचो. पहिल्या रविवारी बटण आणि काज एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. पुढच्या रविवारी जरा जवळ आले. त्याच्या पुढच्या रविवारी चक्क बटण लागलं! त्या आनंदात मी जेवताना दोनदा भात मागून घेतला. ऑफिसातल्या जाड्या हिशेबनिसाला तर मी फुकट सल्लेही द्यायला लागलो. कमरेचा पट्टा मात्र एक भोक बाहेर सरकला होता. चामडं आटलं असणार, दुसरं काय!

वाढदिवसाच्या दिवशी कोट घालून मेहुण्यासमोर उभा राहिलो. सगळी बटणं लावलेली! त्याचा आ वासलेलाच राहिला.

"दाजी, हात टेकले! उद्या वर्गात पोरांना काय शिकवू?"

"माझा फोटो लाव!" असं म्हणून मी विजयाने दोन्ही हात वर केले.

तिथेच घात झाला! कोटाचा रंग इतक्या वर्षांत विटलेला, पण काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना नव्या कोऱ्या रंगाची गडद पट्टी! मेहुण्याने ती बोटाने मोजली आणि बायकोकडे वळला. ती शिवणाचं दुकान चालवते, हे सांगायचं राहिलंच.

"ताई, दाजी बारीक झाले नाहीत. कोट जाड झालाय!"

"मग काय करू?" बायको रडकुंडीला आली. "दर आठवड्याला शिवण उसवून आतलं कापड सोडत होते. पण हे थांबतच नव्हते रे!"

शब्द म्हणजे शब्द. मी न्हाणीघरात जाऊन मिशी उतरवली आणि तोंड पुसत बाहेर आलो. बायको खुर्चीवर पाय घेऊन मैत्रिणीशी फोनवर खिदळत होती. मला बघितलं मात्र, तिने फोन ठेवला, पाय खाली घेतले आणि ताडकन उठून उभी राहिली.

"बसा ना, आई! चहा टाकते!"

मिशी यायला अजून अवकाश आहे. तोवर चहा न मागता मिळतोय. काल उगीच 'साखर कमी आहे' म्हणून बघितलं, तर लगेच बदलूनही मिळाला!