पादरीबाबांची लाल फडक्यातली पोथी

"मोडी? अहो, मोडी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

गहिनीनाथ गुरुजी हे वाक्य चारचौघांत बोलले आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले. माणसाने निवृत्त व्हावं, पेन्शन घ्यावी, शेवग्याच्या शेंगा खाव्यात आणि गप्प बसावं. पण सदतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला गप्प बसणं जमतं होय? नगरला जाऊन त्यांनी तीन महिन्यांचा मोडीचा वर्ग केला. तिथलं सर्टिफिकेट फ्रेम करून ओट्यावर लावलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचून दाखवायला लागले.

शेवगावपासून बारा किलोमीटरवरच्या खडकेवाडीत मोडी वाचण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे पादरीबाबांची पोथी!

पादरीबाबा म्हणजे रेव्हरंड होरेस पिल्बीम. नाव गावाला झेपेना, म्हणून पहिल्याच वर्षी गावाने त्यांचं पादरीबाबा करून टाकलं. एकशेतीस वर्षांहूनही आधी हा गोरा माणूस तट्टावर बसून आला. त्याने विहीर खणली, दुष्काळात कण्या शिजवल्या, हिवतापात क्विनाईन वाटलं, शाळा काढली, आणि एक दिवस स्वतःच तापाने गेला. लिंबाखाली त्याचं थडगं आहे. गावातल्या सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे फुलं वाहतात, नारळ फोडतात. आणि त्याची हस्तलिखित पोथी लाल फडक्यात बांधून बनुबाईच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली असते. बनुबाईचं वय ब्याऐंशी. पोथी सांभाळायचा मान तिच्या घराण्याकडे. ती वर्षातून एकदा पोथी बाहेर आणणार, हळदकुंकू लावू देणार आणि परत नेणार. गाठ सोडायची नाही, हा नियम!

यंदा बाबांची एकशेतिसावी पुण्यतिथी. पुण्यतिथी समितीचे अध्यक्ष सहादेवराव म्हणाले, "गुरुजी, सात दिवस पोथीचं वाचन करायचं. रोज चार वाजता. तुमीच वाचायची!"

बनुबाई लगेच म्हणाली, "नका सोडू गाठ. पस्तावाल."

"अगं आजी, ज्ञानाची गाठ सोडायचीच असते!" गुरुजी म्हणाले. सभेने टाळ्या वाजवल्या. बनुबाईने मान हलवली आणि एक अट घातली. वाचनापुरती पोथी मिळेल, वाचन झालं की ती पुन्हा तिच्या घरी. कोणी आधी चाळायची नाही.

गुरुजींना चाळायची गरजही वाटत नव्हती. त्यांनी तर बाबांचं एकवीस पानी चरित्र लिहून, शेवगावात छापून, हजार प्रती घरात रचून ठेवल्या होत्या. सातव्या दिवशी प्रकाशन! पान नऊवर लिहिलं होतं, 'बाबा रोज दिवेलागणीला दार लावून चिंतनात बुडून जात.' पान चौदावर, 'दर दोन महिन्यांनी त्यांच्यासाठी बोटीने धर्मग्रंथ येत, ते क्विनाईनच्या पेटीच्या तळाशी जपून ठेवलेले असत.' आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत, 'हा ग्रंथ श्रवण करणाऱ्याच्या मनाला कायमची शांती लाभते.' ग्रंथ न वाचता ग्रंथाचं फळ सांगायला छाती लागते. गुरुजींची भरपूर होती.

पहिला दिवस उजाडला. मंडप भरला. नबीलालने माइक लावला. नबीलाल म्हणजे पंचक्रोशीतला मंडपवाला, त्याच्या कर्ण्याचा आवाज तीन गावं ऐकतात. गुरुजींनी धोतर नेसलं होतं, कपाळाला बुक्का होता. बनुबाईने गाठ सोडली. गुरुजींनी पहिलं पान उघडलं, चष्मा सावरला आणि मनातल्या मनात वाचलं:

'पारीस शहरांतील बंद खोली, किंवा काळा हातमोजा. फ्रेंच भाषेंतील सुरस गोष्ट. हिचें भाषांतर पिल्बीमसाहेबांनीं केलें व मुनशीनें लिहून काढिलें. मिशनांतील कोणास दाखवूं नये.'

गुरुजींनी घाईघाईने दुसरं पान बघितलं. दुसऱ्या पानावर क्लेमांस नावाची सरदारीणबाई आरशापुढे बसून एका डॉक्टराला चिठ्ठी लिहीत होती. नवऱ्याला न सांगता!

"वाचा की गुरुजी!" सहादेवराव म्हणाले.

डोळ्यांपुढे हजार पुस्तिका नाचल्या. सदतीस वर्षांची अब्रू त्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर बसून गुरुजींकडे बघत होती. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाबा म्हणतात... हे जीवा! तू कोठून आलास?"

बस! तासभर जीव कोठून आला, कुठे चालला आणि मध्ये काय करतो, हे गुरुजींनी मनाने ठोकून दिलं. नजर मात्र पोथीवर ठेवावी लागे, नाहीतर लोकांना संशय आला असता. त्यामुळे तोंडाने वैराग्य आणि डोळ्यांनी क्लेमांस, असा दुहेरी कारभार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी निम्मा मंडप रिकामा. उरलेला निम्मा घोरत होता.

"गुरुजी," सहादेवराव कानाशी लागले, "बाबा लई गोड मानूस हुता, पर लिवायला जरा कोरडाच व्हता, न्हाई?"

घरी गुरुजींना बायको जयाबाईंनी विचारलं, "अहो, जेवत का नाही?" तर म्हणाले, "ती चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागली गं!" जयाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसरा दिवस. मंडपात मोजून तेवीस माणसं. गुरुजी तोंडाने सांगत होते, "बाबा म्हणतात, देह हा भाड्याची खोली..." आणि डोळ्यांनी वाचत होते, 'दार फोडून पाहतात तों सरदार पलंगावर मरून पडलेला!' पुढच्या ओळीवर नजर गेली आणि गुरुजींचा ताबा सुटला. ते माइकमध्ये किंचाळले, "अरे बापरे! खंजीर छातीत आणि खोलीला आतून कुलूप!"

तीन गावांनी ऐकलं.

घोरणं थांबलं. नबीलाल खांबावरून खाली उतरला. "कुनाच्या छातीत गुरुजी?"

"क... कोणाच्या नाही. तो दृष्टांत आहे."

"दृष्टांत आसू द्या, पर मेला कोन?"

"सरदार."

"आन आतून कुलूप? मग मारनारा गेला कुठनं?"

गुरुजींनी दीनवाणेपणाने बनुबाईकडे पाहिलं. बनुबाई शांतपणे वाती वळत होती. शेवटी गुरुजींनी पोथी पुन्हा पहिल्यापासून उघडली आणि जे लिहिलं होतं ते वाचायला सुरुवात केली. आता गाव आपल्याला मिरवणुकीने वेशीबाहेर नेणार, हे त्यांनी मनोमन धरलं होतं.

पण गाव म्हणजे गाव! सहादेवराव उठले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मंडळी, सरदार म्हंजी आपला आहंकार. त्यो मेल्याबिगर सुटका न्हाई! काय उच्च इचार हाय बाबांचा!"

"आन काळा हातमोजा?" मागून कोणीतरी विचारलं.

"काळ! दुसरं काय?"

झालं! चौथ्या दिवशी मंडप भरला, पाचव्या दिवशी वाढवला. शेजारच्या गावांतून टेम्पो भरून माणसं आली. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत कामाला असलेली खडकेवाडीची पोरं रजा टाकून हजर झाली. बायकांनी चारच्या मालिका बंद केल्या. क्लेमांस निर्दोष आहे की नाही आणि सरदाराचा आचारी खरं सांगतो का, यावर वरची आळी आणि खालची आळी यांच्यात पाण्याच्या टाकीपाशी बाचाबाची झाली. शनिशिंगणापूरहून आलेल्या एका पाहुण्याला तर सगळ्या प्रकरणाचंच नवल वाटलं. तो पुन्हा पुन्हा म्हणे, "पर दाराला कुलूप लावलंच कशापायी? आमच्यावानी दारच ठिवलं नसतं, तर समद्यांनी बघितलं नसतं का, कोन आला न कोन गेला ते?"

गुरुजींनाही आता मजा येऊ लागली होती. काळा हातमोजा आला की आवाज खाली न्यावा, क्लेमांस रडली की उपरण्याने डोळे टिपावेत, नेमक्या ठिकाणी 'बोला पुंडलिक वरदे' म्हणून पोथी मिटावी! वाचता वाचता त्यांना बाबाही कळू लागले होते. दिवेलागणीला दार लावून हा भला माणूस काय करत होता? क्विनाईनखाली बोटीतून काय येत होतं? आणि दिवसभर तापाची माणसं बघून, रात्री त्याला पारीस शहरातल्या बंद खोलीत जावंसं वाटलं, तर त्याचं काय चुकलं? गुरुजींना बाबांविषयी एकदम माया वाटली. इतकी माया एकवीस पानांचं चरित्र लिहितानाही वाटली नव्हती.

सातवा दिवस. पाय ठेवायला जागा नाही! व्यासपीठावर फुलांच्या माळा, बाजूला हजार पुस्तिका. गुरुजी शेवटच्या पानांवर आले.

"'तेव्हां त्या काळ्या हातमोज्याच्या इसमानें दिवा वर धरिला व तोंडावरील बुरखा ओढून काढिला. क्लेमांसनें किंकाळी फोडली. कारण कीं, तो इसम म्हणजे...'"

गुरुजींनी पान उलटलं.

पुढच्या पानावर गोष्ट नव्हती. वेगळ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत चार ओळी होत्या. गुरुजींनी त्या वाचल्या, आणि पोथी पटकन छातीशी धरली.

"म्हंजी कोन?" सहादेवराव उभे राहिले. अहंकाराचा त्यांना पार विसर पडला होता. "कोन गुरुजी?"

"म्हणजे..." गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि ठोकून दिलं, "डॉक्टर!"

"डॉक्टर कसा?" नबीलाल ओरडला. "डॉक्टर तर पाचव्या दिवशी नदीत बुडून मेला!"

"मग... तिचा भाऊ!"

"तिला भाऊच न्हाई! तुमीच वाचलं, एकुलती एक हाय म्हनून!"

"गुरुजी पान दाबतात!" "पान फाडलं!" "दावा पोथी!" माणसं व्यासपीठाकडे सरकायला लागली. पहिले दोन दिवस खोटं बोललो तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता आणि आज दोन शब्द पदरचे घातले तर जीव घ्यायला निघाले, हा न्याय गुरुजींना कळेना.

तेवढ्यात बनुबाई काठी टेकत उठली. "त्येला मारू नका. पुढं लिवलंच न्हाई."

पुढे सरकलेली माणसं जागच्या जागी थांबली.

"वाच रं, काय लिवलंय ते," ती गुरुजींना म्हणाली.

गुरुजींनी वाचलं, "'येथपर्यंतचेच भाग बोटीनें आले. पुढील भागाची सात महिने वाट पाहतों. मला ज्वर आहे. मुनशीस सांगून ठेविलें आहे कीं, बोट आली तर शेवट माझ्या थडग्यापाशीं येऊन मोठ्यानें वाचावा.'"

"त्यो मुनशी माझा आजा," बनुबाई म्हणाली. "मरस्तवर दर सोमवारी शेवगावला पोस्टात जायचा, बोट आली का म्हनून. जेवता जेवता थांबायचा, म्हनायचा, 'बनू, त्यो आचारी तर नसंल?' लई झुरला. मरताना त्यानंच फडकं बांधलं. म्हनला, आपल्या जिवाला लागलं ते लागलं, दुसऱ्या कुनाच्या मागं नको."

"आवं मग आजी, आधी सांगायचं न्हाई का?" सहादेवराव कळवळून म्हणाले.

"इचारलं कुनी? तुमी तर नारळ फोडीत हुता."

अशा वेळी समितीला कार्यक्रमपत्रिकाच आठवते. चरित्राचं प्रकाशन झालं, हजार प्रती वाटल्या गेल्या. हजार माणसांनी शेवटचं पान उघडलं, 'कायमची शांती लाभते' हे ठळक अक्षरांत वाचलं आणि मान वर करून गुरुजींकडे बघितलं. त्या नजरा गुरुजी जन्मात विसरणार नाहीत.

तेव्हापासून खडकेवाडीला झोप नाही. सुप्याच्या कंपनीतून पोरं फोन करतात, "गुरुजी, कळलं का काही?" आणि गुरुजी? गुरुजी दर सोमवारी शेवगावच्या पोस्टात जातात. पारीस शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाला त्यांनी तीन पत्रं पाठवली आहेत.

परवा निघताना जयाबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. "पुरे झालं! सगळं गाव हसतंय. आज घरी बसा."

गुरुजी मुकाट्याने पिशवी खुंटीला अडकवायला लागले.

"अडकवता काय?" जयाबाई कडाडल्या. "उद्या मंगळवारी जा. सोमवारी पोस्टात गर्दी असते, नीट बघत नाहीत मेले! आणि उत्तर आलं तर आधी थडग्यापाशी पळू नका, अगोदर मला सांगा. तो आचारीच असणार!"