मांस या नात्याने ससा

बाळांनो, एका जंगलात एक सिंह दिलेला शब्द पाळत होता. त्यामुळे तो रोज थोडा थोडा वाळत चालला होता.

राज्याभिषेकाच्या दिवशी त्याने शपथ घेतली होती की, प्रजेतल्या कोणालाही खाणार नाही. तेव्हा त्याचं पोट भरलेलं होतं. आता सहा महिने नदीतले खेकडे खाऊन त्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

अशात धनेशशास्त्री जंगलात परतले. हा मोठ्या चोचीचा पक्षी समुद्रापलीकडे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात तर्कशास्त्र शिकून आला होता. सिंहाने त्यांना आपली अडचण सांगितली. शास्त्रीबुवा म्हणाले की शपथ मोडायची गरजच नाही. यवन पंडित कुठलीही गोष्ट नुसती ‘आहे’ असं म्हणत नाहीत. ती कोणत्या नात्याने आहे, ते आधी विचारतात. एकच माणूस गवई या नात्याने चांगला आणि शेजारी या नात्याने वाईट असू शकतो.

“ससा प्रजा या नात्यानं अवध्य आहे,” ते म्हणाले. “मांस या नात्यानं त्याला कोणी शब्द दिलेला नाही.”

त्याच दुपारी सिंहाने ठुमकू नावाचा ससा मांस या नात्याने खाल्ला. संध्याकाळी राजा या नात्याने तो ठुमकूच्या सशिणीच्या सांत्वनाला गेला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. सशिणीने विचारलं, मग नवरा या नात्याने तो आता कुठे आहे? प्रश्न खोल आहे, असं म्हणून शास्त्रीबुवांनी तो टिपून घेतला.

पंधरवड्यात तीन भेकरं गेली. मग सशिणीची शेजारीण, साळूबाई साळिंदर, दरबारात आली.

“मांस या नात्यानं मला खुशाल खा,” ती म्हणाली. “काट्यांचं मात्र मी सांगू शकत नाही.”

तर्कात मांस आणि काटे पूर्णपणे वेगळे आहेत, असा निर्वाळा शास्त्रीबुवांनी दिला. सिंहाने झडप घातली. जबड्यात अकरा काटे रुतले. साळूबाई पाठ झटकून घरी गेली.

सिंह कळवळून लोळू लागला. शास्त्रीबुवांनी समजावलं की राजा या नात्याने महाराज ठणठणीत आहेत, दुखतोय तो फक्त जबडा. सिंहाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच पक्षी या नात्याने पाहिलं. पुढचं विवेचन त्यांनी उंबराच्या शेंड्यावरून केलं.

वानरवैद्याला बोलावणं गेलं. तो झाडावरच थांबला.

“वैद्य या नात्यानं मला आत्ता काटे काढायचेत,” तो म्हणाला. “पण मांस या नात्यानं खाली उतरवत नाही.”

अखेर सिंहाने सगळ्यांसमोर नवी शपथ घेतली: कोणालाही, कोणत्याही नात्याने खाणार नाही. तोंडात काटे असल्याने शब्द नीट कळत नव्हते, म्हणून सशिणीने ती तीनदा म्हणवून घेतली. मगच वैद्य खाली उतरला.

तात्पर्य: दिलेला शब्द कधीही मोडू नये, त्याचा अर्थ लावायला पदरी एक विद्वान ठेवावा. जेवताना मात्र पहिला घास त्यालाच द्यावा.