जाधवबाईंचं स्टोअर

माझ्याच लग्नाचे फोटो बघायचे असले, तरी जाधवबाईंच्या वहीत नोंद होते. तारीख, वेळ, कप्पा नंबर, कारण. एकदा कारण विचारल्यावर मी ‘सहज’ म्हणालो. त्यांनी वही मिटली. सहज हे काही कारण नव्हे, असं त्यांचं मत पडलं.

नेरूळला आमच्या समोरच्या दारात त्या एकट्या राहतात. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअर सांभाळलं. स्लिपशिवाय मोठ्या साहेबालाही नट दिला नाही, हे त्या अजून अभिमानाने सांगतात. रिटायर झाल्यावर बायका भिशी धरतात, सहलींना जातात. बाईंनी दोन हार्ड डिस्कचा एक काळा डबा आणला. डबा घरी इंटरनेटला जोडून ठेवायचा आणि त्यातल्या फायली कुठूनही मोबाइलवर उघडायच्या. सोबतचं पुस्तक त्यांनी ओळीखाली फूटपट्टी धरून वाचलं आणि महिनाभरात सगळं स्वतः बसवलं. माझा लॅपटॉप बंद पडून निम्मे फोटो गेले, तेव्हा म्हणाल्या, “उरलेले आण इकडे. कप्पा नंबर सात तुझा.”

पण आपल्याच कप्प्यात शिरणं सोपं नाही. आधी त्यांनी दिलेलं अ‍ॅप चालू करायचं. म्हणजे मधे कुणाला डोकावता येत नाही. मग पासवर्ड. मग सहा आकडी कोड. तो फक्त बाईंच्या मोबाइलवर दिसतो आणि अर्ध्या मिनिटात बदलतो. म्हणजे दर वेळी त्यांना फोन. “आधी ओळख, मग माल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी मुलीच्या अ‍ॅडमिशनला आम्ही नाशिकला गेलो आणि शाळा सोडल्याचा दाखला घरीच राहिला. त्याची प्रत कप्पा सातमध्ये होती. अर्जाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी बाईंना फोन करून म्हटलं, कोडबिड राहू द्या, दाखला सरळ व्हॉट्सअ‍ॅप करा. कोण बोलतंय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. समोरचा सुहास म्हणालो, तर त्या म्हणाल्या, हल्ली कुणाचाही आवाज काढतात. रविवारी तुमच्याकडून माझ्याकडे जेवणाच्या डब्यात काय आलं होतं, ते सांग. मला आठवेना. शेवटी बायकोने शेजारून सांगितलं, जवळ्याची चटणी. मग कोड मिळाला. दाखला खिडकीत गेला तेव्हा आतला माणूस खुर्ची सरकवून उठत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तावातावाने बाईंकडे गेलो. माझ्या फायली परत द्या, एवढंच बोलायचं होतं. त्या फोनवर होत्या. हाताने बस म्हणाल्या.

“चार. दोन. नाही रे दादा, ते नको दाबू. थांब, बदलला बघ. परत सांगते.”

कोड तीनदा बदलला, पण आवाज एकदाही चढला नाही. पलीकडे त्यांचा मोठा भाऊ होता, महाडजवळच्या गावी एकटाच राहणारा. चौथ्या खेपेला फोनमधून पेटीचे सूर आले आणि मागून एक खडा आवाज. बाईंचे वडील जयंतीला गाणी म्हणायचे. घरातल्या जुन्या कॅसेटी बाईंनी डब्यात उतरवल्या होत्या आणि भावाला एक टॅब घेऊन दिला होता. फोन कुणीच ठेवला नाही. गाणं संपेपर्यंत दोघं ऐकत राहिले. मग बाईंनी विचारलं, “जेवलास का?” पुढे गुडघ्याचं दुखणं, कौलं, शेजारची म्हैस असं बरंच चाललं.

फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, आई गेल्यापासून दादाचा फोनच यायचा नाही. भांडण नव्हतं. विषय नव्हता. आता रोज येतो.

राग विसरून मी शहाणपण दाखवलं. म्हटलं, “बाई, ‘हे यंत्र लक्षात ठेवा’ अशी एक खूण असते. ती एकदा केली की दादांना रोज कोड मागावा लागणार नाही.”

“माहितीये मला,” बाई म्हणाल्या. पदराने फोनची काच पुसत राहिल्या. “मग तो फोन कशाला करेल?”

मी फायलींचा विषय काढला नाही. बाई चहा टाकायला उठल्या.