नुसतं बघायचं, हात नाय लावायचा

चांगोच्या नातीचं, समिधाचं लग्न झालं ते साल. त्याच वैशाखात गावात नळ यायचा होता, आणि पाणी कमिटीचा अध्यक्ष होता खुद्द चांगो. असा योग कुणाच्या नशिबी येतो? पण शेजारच्या सखाने त्यात मिठाचा खडा टाकला.

"म्हातारा अध्यक्ष कशाला झालाय?" देवळाच्या पारावर पानाला चुना लावता लावता सखा बोलला. "पयलं पानी नातीच्या हळदीला न्यायला."

चांगोला हे जेवताना कळलं. तोडलेला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. आयुष्यात कुणाचा वीतभर बांध कोरला नाही, आणि आता म्हातारपणी पाणीचोर?

"समिधा," तो म्हणाला, "तुजा तो मोबाइलमधला चार्ट कुठं हाय गं?"

समिधा मोहोपाड्याला एका कंपनीत होती. तिथे कामांवर लक्ष ठेवायला असतो तसा चार्ट तिने कमिटीलाही करून दिला होता. एकेका कामाची एकेक ओळ. काम झालं की ओळ हिरवी, राहिलं असलं की लाल. आजवर तो फक्त कमिटीतल्या माणसांनाच दिसायचा.

"आख्ख्या गावाला दाखव," चांगोने फर्मावलं.

"आजा, सगळ्यांनी त्यात बोटं घातली तर?"

"मंग?"

"नुसतं बघता येईल असं करते. बदल फक्त माझ्या मोबाइलवरनं."

"झालं तर. नुसतं बघायचं, हात नाय लावायचा. गाभाऱ्यातल्या देवागत."

वर त्याने आणखी एक हुशारी केली. आपल्या दारापुढचा पाइपाचा चर त्याने मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला. लाल. बघू दे सखाला, अध्यक्षाचं दार कसं सगळ्यांच्या मागे आहे ते. लिंक गावाच्या ग्रुपवर पडली आणि चांगो मिशीवरून हात फिरवत पारावर जाऊन बसला.

चुकलं ते एकच. त्या गावात लग्नघरचं काम अडलेलं दिसलं, की कुणी विचारायला जात नाही. फावडं घेऊनच जातात. न जाऊन सांगतो कुणाला? उद्या आपल्या मांडवात माणूस यायला हवा ना!

हळदीच्या दिवशी सकाळी चांगो राखुंडीने दात घासत बाहेर आला, तर मांडवाच्या डाव्या अंगाला वरची आळी खणत होती. उजव्या अंगाला खालची आळी. सुनेच्या माहेरचे खोपोलीचे पाहुणे तर परसाकडून सुरू झाले होते आणि तुळशीला वळसा घालून निम्म्यावर आले होते.

"आरं, एकच चर हाय रं, एकच!"

"आमाला काय म्हाईत हे पन येनार?" वरच्या आळीचा विकास घाम पुसत म्हणाला. "मी जातोय म्हणून लिवायला गेलो, तर लिवताच येईना. नुसतं बघा म्हनलात ना तुमी?"

मांडवाला तीन बाजूंनी खंदक पडला. वरपक्षाला वाटावं, पोरगी द्यायचं मनात नाही म्हणून किल्ला बांधलाय.

तेवढ्यात चांगोची बायको आवडी धापा टाकत आली. "अवो, टेकाडावरच्या टाकीचं पानी कुनी सोडलंय? वढा वाहतोय नुसता."

चार्टातली दुसरी लाल ओळ होती टाकी धुण्याची. वरच्या आळीच्या बायकांनी पहाटेच टाकी घासली, पंप लावून भरली, विसळली आणि पाणी सोडून दिलं. पण ओळ लाल ती लालच. मग खालच्या आळीच्या बायका आल्या. त्यांची म्होरकी भागी. टाकी तिला डोळ्यांनी लख्ख दिसत होती, पण मोबाइल लाल म्हणत होता.

"अध्यक्ष खोटं सांगल व्हय?" भागी म्हणाली. "काय तरी घान राहिली असंल. घ्या गं काथ्या."

पुन्हा घासली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. पाणी गावच्या विहिरीचं; वैशाखातली विहीर ती, पुरणार किती? पंप घरघरला आणि हवा ओढायला लागला.

चांगो समिधाकडे धावला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले.

"बाय, ती टाकी आधी हिरवी कर."

"मेंदी वली हाय, आजा. आई जीव घेईल माझा. मी सांगते, तू दाब."

"मी?"

"टाकीच्या ओळीवर बोट ठेव. तिथं नाय, खाली. आजा, सगळ्यांवर नको..."

नांगराच्या मुठीवर घडलेलं बोट ते. एका दाबात आख्खा चार्ट लाल झाला, कुंकवाचा करंडा उपडा पडावा तसा.

गावाने ते बघितलं. बुजवलेले चर लाल, पुरलेले पाइप लाल. अध्यक्षाने आख्खं काम नापास केलं अशी आवई उठली, आणि जो तो आपलं काय चुकलं ते बघायला आपल्या दारापुढचा चर उकरायला लागला.

संध्याकाळी कर्जतची वाजंत्री खंदक ओलांडून आली, ढोल डोक्यावर घेऊन. समिधाला हळद लागली. पण विहीर आटलेली, घरातलं साठवणीचं पाणी पाहुण्यांत संपलेलं; ती उतरवायला थेंब नाही. चांगो ओट्यावर डोकं धरून बसला. पाणीही गेलं आणि नावही गेलं.

सखा आला. त्याने चांगोच्या पिंपात वाकून बघितलं, हंडे वाजवून बघितले, आणि मांडवाच्या मधोमध उभा राहिला.

"मानसांनो, मी सोता बघितलं. चांगोच्या घरात पान्याचा थेंब नाय. मी बोललो ते परत घेतो."

"सख्या," चांगो कण्हला, "हे पानी आटायच्या आधी बोलला असतास तर?"

"तवा पुरावा कुठं व्हता?"

मग सखानेच घरून आपला भरलेला हंडा आणला. मागून भागी, तिच्यामागून दोन्ही आळ्या. घरोघरी रांजणात थोडंफार साठवलेलं होतंच. समिधाची हळद गावाच्या पाण्याने उतरली. म्हणजे हळदीला पहिलं पाणी चांगोकडेच गेलं, पण सखाच्या हंड्यातून.

नळ पुढे पावसाळ्यात सुरू झाला. समिधाने बाकीच्या ओळी हिरव्या केल्या, आजाची तेवढी राहिली; ती सासरी गेली, तिचा मोबाइल बदलला आणि चार्ट होता तिथेच अडकला. आता तो कुणालाच बदलता येत नाही. नुसता बघता येतो. चांगोच्या दारापुढची ओळ अजून लाल आहे, आणि अजूनही कुणीतरी फावडं घेऊन येतं, आवडीच्या हातचा चहा पिऊन जातं.

चांगो तर गेल्या वर्षीच माघी पौर्णिमेला वारला.