वांगी म्हणजे हेवी रेन

संजीवनीची मुलाखत दुपारी दोनला होती आणि सकाळी सातलाच तिचं सगळं इंग्रजी टेम्पोत बसून मोताळ्याच्या बाजाराला गेलं.

महिनाभर खपून तिनं जाड कागदाचे चाळीस तुकडे केले होते. प्रत्येकावर इंग्रजी शब्दांची एकेक जोडी. इंग्रजीत पाऊस हेवी, वारा स्ट्राँग आणि चहाही स्ट्राँग. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. आपल्याकडे चहा, ऊन आणि हवालदार तिन्ही कडक असतात, तेव्हा कोण विचारतं? याच जोड्यांपायी तिच्या दोन नोकऱ्या हुकल्या होत्या. मोताळ्याची इंग्रजी शाळा ही तिसरी.

तिनं वडिलांना, रंगरावांना फोन लावला. "बाबा, फळीवरच्या माह्या चिठ्ठ्या कुठं हायेत?"

"त्या तुह्या व्हत्या? मांगून कोऱ्या दिसल्या, म्हून नाव लिहून क्यारेटले बांधल्या. कागद लय मजबूत हाय वं."

रंगरावांचंही चुकलं नव्हतं. भाजीच्या क्यारेटला, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोक्याला, मालकाच्या नावाची चिठ्ठी नसेल, तर रिकामं क्यारेट बाजारातून घरी येत नाही.

"बाबा, दोन वाजता मुलाखत हाय माही!"

"मंग ये लवकर," रंगराव ओशाळून म्हणाले, "माल इकून राह्यलो."

ती पोचली तेव्हा माल विकला जाऊन क्यारेटं किरकोळ भाजीवाल्यांकडे बाजारभर पांगली होती. पहिलं सापडलं जनकाबाई भाजीवालीकडे, वांग्यांचं. संजीवनीनं सुतळीला हात घातला तशी जनकाबाई ओरडली, "ए बाई, चिठ्ठी काऊन सोडून राह्यली? मंग क्यारेट कोनाले वापस देऊ?"

"माह्या बापाचंच हाय, मावशी."

"सारेच असं म्हनतात."

शेवटी चिठ्ठी जागेवरच ठेवून पाठ करायची, असं ठरलं. संजीवनी वांग्यांपुढे उकिडवी बसली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली, "हेवी रेन, हेवी रेन." जनकाबाईनं पदर सावरून हात जोडले. पोरगी कसला तरी मंत्र म्हणतेय म्हटल्यावर शेजारच्या दोघींनी आपापली क्यारेटं पुढे सरकवली, "आमच्यावरबी म्हन." भेंडीवर डीप स्लीप होतं, गवारीवर मेक अ मिस्टेक. असं करत तिनं चाळीसही क्यारेटं गाठली. रंगराव मागून पाण्याची बाटली घेऊन फिरत होते आणि एकदाही तिच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांचा तिला राग यायला हवा होता, पण कीवच आली.

दोन वाजता ती मुख्याध्यापिका अन्नपूर्णाबाईंसमोर बसली. बाई फाडफाड इंग्रजी बोलत होत्या. कपाळावर एक आठी कायमची.

"हेवी?" त्यांनी विचारलं.

संजीवनीच्या डोळ्यांपुढे वांगी आली. "रेन."

"डीप?"

भेंडी. "स्लीप!"

"बिटर?"

"कारली!" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे, ट्रुथ, मॅडम. बिटर ट्रुथ."

मग लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाजाराची सगळी हकिगत सांगितली. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा काढला. उठून दार लोटलं. शिपाई ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"सोमवारपासून ये," त्या हळूच म्हणाल्या, "अन् तुह्या बापाले फोन लाव वं. इकले नसन तं किलोभर कारले ठेव म्हना माह्यासाठी."